कर्ण्याची आतली बाजू

पडद्यामागून त्याला बाहेर काढायला सहा माणसं लागली.
लिमफ्योर्डच्या काठावरचं थिएटर, आता तिथे सायकलींचं गोदाम होणार,
आणि हा कर्णा, उंचीला माझ्या दुप्पट,
पन्नास वर्षं भोकाभोकांच्या कापडाआड
तोंड लपवून बोललेला.

कंपनीने मला धाडलं ते सुतारीण म्हणून.
मोजमापाला इंजिनीअर होता, एस्किल.
त्याच्याकडे मायक्रोफोन,
माझ्या कानामागे पेन्सिल.

आत हात घातला खांद्यापर्यंत.
पाइनच्या पातळ पट्ट्या, वाफेवर वाकवलेल्या,
वर डांबर, डांबरात रुतलेले घोड्याचे केस,
आणि एका जागी, बोटांना आधी कळलं,
लोकर.
कुणाच्या तरी स्वेटरची बाही, आत ठोकलेली.
चार चुका.
तीन पुरल्या असत्या.

जुना ऑपरेटर हाल्फदान, वय एक्क्याण्णव,
फुटपाथवर खुर्ची टाकून बसला होता.
म्हणाला, बाही माझीच.
छप्पन्नच्या हिवाळ्यात पडद्यावरच्या बायकांना शिट्टी लागायची,
प्रत्येक स ला,
आणि पुढच्या रांगेतली पोरं नक्कल करायची.
टोरा तिकिटाची खिडकी लावून आत आली, उभ्यानेच ऐकलं,
माझ्या स्वेटरकडे पाहिलं,
आणि कात्री आणली.
चौथी चूक तिने उगाच मारली.
म्हणाली, असू दे.

चार महिने कर्णा मुक्या खोलीत,
जिथे टाळी वाजवली तरी ती परत येत नाही.
आलेख आला तो खेकड्याच्या चालीचा,
इथे खड्डा, तिथे टेंगूळ.
कागदावर नापास, एस्किल म्हणाला,
आणि रात्री अकरापर्यंत
डबा न उघडता ऐकत बसला.

मोठं घर पोकळ वासा, हा लोकांचा टोमणा.
माझ्या धंद्यात वासा पोकळच लागतो.
पोकळी कुठे आवळायची, कुठे सोडायची,
एवढंच शिकण्यात बावीस वर्षं गेली,
आणि डाव्या हाताचं अर्धं बोट.

नवा आम्ही बर्चचा केला.
एकशे बारा थर, यंत्राने कापलेले,
सांधा नखालासुद्धा लागत नाही.
वर लाखेचे सात हात.
त्या पैशात गावात बंदराजवळ घर येतं,
वर एखादी होडी.
मासिकवाले आले, फोटो काढून गेले.
कानामागून आला आणि तिखट झाला,
मी मनात म्हटलं.
जुना तेव्हा शेडमध्ये,
त्याच्या तोंडावर कुणीतरी ओला रेनकोट वाळत घातलेला.

हाल्फदानला ऐकायला बोलावलं.
हलक्या कानाचा माणूस नव्हे तो.
कोच दिला तर स्टूल मागितलं.
एका बाईचं जुनं मुद्रण लावलं,
ती ओठ ओले करते तेही ऐकू येत होतं.
तो शेवटपर्यंत बसला.
छान आहे, म्हणाला.
पण फार जवळ येते ही बाई.
आमच्याकडे ती पलीकडे असायची,
आपण पुढे झुकायचो.

एस्किलने वहीत लिहिलं: पुढे झुकायचो.
एकक कुठलं लावायचं, त्याला सुचलं नाही.

मग अकरा तऱ्हांचे फेल्ट आले, जर्मनीहून, जपानहून,
प्रत्येकाबरोबर प्रमाणपत्र.
बाराव्यांदा त्याने विचारलं, इकडे तिकडे बघत,
तुझ्याकडे एखादा जुना स्वेटर आहे?

सातव्या जोडीत लोकर बसली,
गोंदाने, पत्रकात लिहिल्याप्रमाणे.
तो कॉफी आणायला गेला तेव्हा
मी कर्ण्यात खांद्यापर्यंत हात घातला
आणि एक चूक ठोकली.

आलेखात ती दिसत नाही.
मी बघून घेतलं.